जिन्यातला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचा धीर सुटतो तो बहुधा वजनकाट्यावर उभं असताना. आज मी त्या धीराबद्दलच बोलणार आहे. काय खावं, किती चालावं हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही.

माझ्या ताईची गोष्ट सांगते. तिने एकदा वजन उतरवायचं मनावर घेतलं आणि पहिल्या दोन महिन्यांत पाच किलो उतरवलंही. मग तिचे सासरे अंथरुणाला खिळले. दिवसा नोकरी, रात्री तीन-तीनदा उठणं. आणि काटा जो अडला, तो अडलाच. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ताई सकाळी वजन करायची, संध्याकाळी पुन्हा करायची. अर्धा किलो वर दिसला की रात्रीचं जेवण बंद. मग दुसऱ्या दिवशी दुपारी भुकेने कासावीस होऊन समोर येईल ते खायची आणि स्वतःवरच चिडायची. "माझ्याच्याने नाही होत गं," एवढंच म्हणायची.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं बोलणं व्हायचं ती कामावरून परतताना. जिना आला की ठरलेलं वाक्य यायचं, "थांब, वर पोचले की करते." दम लागायचा ना! वर्षानुवर्षं हे असंच. एका संध्याकाळी ती अशीच रडवेली होऊन काट्याबद्दल सांगत होती. मी ऐकत होते. ऐकता ऐकता मला किल्ल्यांचा आवाज आला, मग दाराची कडी.

मी म्हटलं, "ताई, कुठे आहेस तू?"

"घरात शिरतेय."

"आणि जिना?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मग अगदी हळू म्हणाली, "अगं, मी बोलतच वर आले की."

तीन मजले, आणि धाप नाही! काट्याला जे दिसलं नव्हतं, ते मला फोनवर ऐकू आलं. हल्ली माणसं एकमेकांना नुसते मेसेज पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. मेसेजमध्ये माणसाचा श्वास ऐकू येत नाही. आपल्या माणसाला फोन करावा, त्याचा आवाज ऐकावा.

असो. त्या रात्री ताईने काटा कपाटावर चढवला. आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, तो खाली काढायचा. आणि तिने मदत मागितली, हे मला त्याहून मोठं वाटतं. भाऊजी एकाआड एक रात्री उठू लागले. ताईला झोप मिळू लागली. जेवण ती दोन्ही वेळा करत होती, तरी महिनाभरात काटा पुन्हा खाली सरकू लागला.

असं का झालं, ते थोडक्यात सांगते. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि खाण्याची ओढ लागते, तीही गोडाची, तळलेल्याची. झोप अपुरी पडली की भूक आणखी पेटते. आणि काट्यावर चरबीबरोबर पाणीही मोजलं जातं. दिवसभरात एखादा किलो सहज वरखाली होतो. पुन्हा सांगते, एका रात्रीत वाढलेला किलो म्हणजे चरबी नव्हे, ते बहुतेक पाणी असतं.

उपाशी राहून चिडचिड होते, तीही मनाची दुर्बलता नव्हे. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुण स्वेच्छेने सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर राहिले. ते खिन्न झाले, चिडखोर झाले, दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नच घोळत राहिलं. निश्चयात ते कुठे कमी होते? म्हणून काटा अडला तर लगेच ताट कमी करू नका, आधी झोप मोजा. ताट नाही, झोप. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास हवेत.

80 किलोच्या माणसाने चार किलो उतरवले, तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते. आरशात तो फरक दिसेलच असं नाही. आणि भेटल्याबरोबर "अजून तशीच दिसतेस" म्हणणाऱ्यांना मी कळकळीने विनवते, दुसऱ्याच्या शरीरावर बोलणं थांबवा. त्या एका वाक्याने कुणाचे तरी दोन महिने वाया जातात.

उपास आणि मग भान सुटून खाणं, हे चक्र सुरूच राहिलं, किंवा मन सतत उदास राहिलं, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. वजनाइतकंच तेही त्यांना सांगण्यासारखं आहे.

ताईच्या वहीत आता वजनाशेजारी आणखी दोन रकाने आहेत. एक झोपेचा, एक जिन्याचा. परवा जिन्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'बोलत आले, दोन्ही हातांत सामान.'

नमस्कार.