अँटेना पिकाच्या डोक्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षबागेत, डाळिंबात आणि आता कुठे कुठे उसातही एक नवी वस्तू दिसायला लागली आहे. एक पाइप रोवलेला, वर छोटंसं सोलर पॅनेल, खाली पांढरा डबा आणि डब्यातून मातीत उतरलेली वायर. वायरीच्या टोकाला, मुळांच्या पट्ट्यात, ओलावा मोजणारा सेन्सर. डबा तो आकडा हवेतून शेजारच्या डब्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटचा डबा मोटारघरावरच्या गेटवेला. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ना, तसा निरोप जातो. गेटवे तो तुमच्या मोबाइलवर पाठवतो. सोय केली असेल तर ठिबकचा व्हॉल्व्हही उघडतो, मिटतो.

ठिबक म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी कुठे द्यायचं ते ठिबकनं सोडवलं. कधी द्यायचं आणि किती, हे मात्र आपण अजून विजेवर सोडलंय. वीज आली की मोटार सुरू, वीज गेली की बंद. पिकाला तहान आहे की नाही, विचारतो कोण? स्टार्टरला ऑटो, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारी कळ, लावून झोपायचं, सकाळी उठून बघावं तर सरी तुडुंब आणि पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. वीज आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, ते आणखी वेगळं. त्या ऑटोनं महाराष्ट्राचं जेवढं नुकसान केलंय तेवढं टोळधाडीनंही केलं नसेल, असं माझं मत आहे. असो.

सेन्सरकडे येऊ. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ही मला फार आवडते, आणि सेन्सर विकणारा ती तुम्हाला सांगणार नाही.

गोष्ट 2005 सालची, नेदरलँड्समधली. पीक बटाट्याचं. बटाट्यावर करपा येतो हे मंचर-खेडकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. तोच करपा, ज्यानं 1845 पासून पुढं आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला. करपा येतो तो दमट हवेत, पानं ओली राहिली की. मग डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मंडळींनी विचार केला की शेतात बिनतारी डबे लावू, पिकाच्या आतली हवा किती दमट, किती उबदार ते जागोजागी मोजू. धोका दिसला तरच फवारणी. विचार एकदम चोख. आपल्याकडे कॅलेंडर बघून फवारणारे आहेत, त्यांनी हा भाग जरा लक्ष देऊन ऐकावा.

तर शंभराच्या आसपास डबे शेतात लागले. माणसं हुशार, यंत्रणा त्यांच्या हातची. आणि काय झालं? चार दिवसांत बॅटऱ्या संपल्या! कितीतरी जास्त चालाव्यात अशी अपेक्षा, आणि चार दिवस.

कारण ऐका. डब्यांमधला प्रोग्रॅम बदलायचा झाला तर प्रत्येक डबा उपटून आणायला नको, म्हणून नवा प्रोग्रॅम हवेतूनच एका डब्याकडून दुसऱ्याकडे जाईल अशी सोय ठेवली होती. पण काही डब्यांत एक आवृत्ती गेली, काहींत दुसरी. झालं! डबे रात्रंदिवस एकमेकांना नवा प्रोग्रॅम देत बसले. ओलावा राहिला बाजूला, बॅटरी गेली बोलण्यात. ग्रामसभेला जाणाऱ्यांना हे पटकन कळेल.

ते दुरुस्त केलं, तर दुसरंच निघालं. प्रत्येक डबा आपल्या शेजाऱ्यांची यादी ठेवतो, कुणाकरवी निरोप पाठवायचा त्यासाठी. यादीत जागा ठरावीक, आणि शेतात डबे दाटीनं लावलेले. यादी भरून गेली, आणि जो चांगला शेजारी होता तोच यादीबाहेर राहिला.

आणि आता तिसरी अडचण. आपल्या कामाची हीच आहे. बटाटा वाढला, पानांचा पसारा झाला, फुलावर आला. त्याच प्रकल्पातल्या लोकांनी बटाट्याच्या शेतात रेडिओलहरी किती लांब जातात ते मोजलं होतं. पीक फुलात असताना पल्ला उरला जेमतेम 10 मीटर. 10 मीटर! पान म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, आणि पाणी या लहरी गिळतं. गंमत म्हणजे रात्री आणि पावसात, हवा दमट असताना, निरोप जास्त चांगले पोचत होते. उलटं वाटतं, पण मोजलं तेव्हा तसंच निघालं.

शेवटी शंभराच्या आसपासचे ते डबे तीन आठवडे चालले, आणि जेवढी माहिती मिळायला हवी होती त्यातली हातात आली 2 टक्के. शंभरातले दोन निरोप.

मला या मंडळींचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. 2006 मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःच लिहून काढलं आणि परिषदेत मांडलं. काय चुकलं, कुठं चुकलं, नावानिशी. आपल्याकडे यशोगाथांचा पूर आहे. एकरी शंभर टन ऊस, फेटा बांधलेला फोटो, खाली मोबाइल नंबर. फसलेल्या प्लॉटवर कुणी पान दिलेलं बघितलंय का तुम्ही? फसलेल्या प्लॉटची शिवारफेरी काढली तर मी स्वतः यायला तयार आहे.

तर यातून आपल्या कामाचं एवढंच घ्या: अँटेना पिकाच्या डोक्यावर हवी. आजच्या पिकाच्या नव्हे, तोडणीच्या वेळच्या पिकाच्या. लागणीनंतर सुरुवातीला ऊस गुडघ्याएवढा असतो, तेव्हा कमरेएवढ्या पाइपवर डबा झकास चालतो. भाद्रपदात ऊस डोक्यावर गेला की मोबाइलवरचा आलेख अचानक सपाट. मग फोन करा, तक्रार करा. डबा बिघडलेला नसतो, तो उसात बुडालेला असतो. म्हणून पुन्हा सांगतो, अँटेना पिकाच्या डोक्यावर.

आज आपल्याकडे यातले बरेच डबे 865 ते 867 मेगाहर्ट्झवर बोलतात. हा पट्टा आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येतो. लोरा नावाच्या लांब पल्ल्याच्या बिनतारी पद्धतीची नवी यंत्रं मोकळ्या रानात किलोमीटरच्या हिशेबात पोचतात, एका डब्याहून दुसऱ्यावर उड्या मारायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पण या लहरींची लांबी हातभरसुद्धा नाही, पानांनी त्या अडतात. आमच्या मध्यम लहरींची लांबी काहीशे मीटर. तुमचा ट्रान्झिस्टर खुशाल उसात घेऊन जा, आम्ही तिथंही बोलतच राहू.

द्राक्षात हे काम आपल्याकडेही जुनं आहे बरं का. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी नाशिकच्या द्राक्षबागेत असे डबे लावून बघितले होते, तेही त्याच दशकात. आता बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उसात सेन्सर, उपग्रहाची चित्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एकत्र आणली आहे.

आता मातीकडे. सेन्सर एक नको, दोन हवेत. एक मुळं जिथं दाट आहेत तिथं, दुसरा त्याच्या खाली. खालचा दर पाळीला ओला दाखवत असेल तर तुमचं पाणी मुळांना ओलांडून खाली जातंय, आणि पाण्याबरोबर युरियाही. ड्रीपरच्या बरोबर खाली बसवू नका, वीतभर बाजूला बसवा.

काळ्या रानात एक भानगड आहे. माती वाळली की आक्रसते आणि सेन्सरच्या कडेनं भेग पडते. बोट जाईल एवढी फट. सेन्सर मग माती नाही, हवा मोजतो. "कोरडं, कोरडं" म्हणून ओरडतो आणि मोटार सुरू करून ठेवतो. म्हणून खड्डा घेतला की त्याच खड्ड्यातली माती पातळ कालवून तिच्यात सेन्सर बसवायचा, आणि उन्हाळ्यात अधूनमधून जाऊन बघायचं. वायर पाइपातून न्या, उंदरांना तिची चव लागते.

गच्चीवर बाग असणाऱ्यांनो, तुम्हाला थोडक्यात सांगतो. एका कुंडीतल्या सेन्सरवर वीस कुंड्यांचं पाणी ठरवू नका. कडेच्या कुंडीला ऊन, कोपऱ्यातलीला सावली. चार-सहा कुंड्या असतील तर बोट घालून बघा, पैसे वाचतील.

शेवटी, विकणाऱ्यानं यंत्रात भरून दिलेला आकडा तुमच्या रानाचा नसतो. तुमचा तुम्ही काढायचा. चांगला पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिलं, की रान वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निचरून पुरता ओलावा उरेपर्यंत, थांबा. मुरमाड रानात एखादा दिवस, काळ्यात दोन-तीन किंवा जास्तही. मूठभर माती दाबून बघा. गोळा होतो, हाताला चिकटत नाही आणि टाकला की फुटतो, त्या वेळी सेन्सर काय दाखवतोय ते वाचा. तो तुमचा वाफशाचा आकडा, त्यापुढं पाणी द्यायचं नाही. मार्करनं स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांना तो दिसला पाहिजे, कारण मोटार नेहमी तुम्हीच सुरू करता असं नाही. आणि डबा लावायला माणूस आला की त्याला पहिल्यांदा विचारा, पाइप किती फुटी आणलास?

नमस्कार.