चार अक्षरांत चराचर

श्रोतेहो, नमस्कार.

चर आणि अचर, एवढ्या दोन शब्दांत आपण सगळी सृष्टी बसवतो. जपानी भाषेत हेच काम बहुधा चार चिन्हांचे जोडशब्द करतात. त्यांतला सर्वांत ऐसपैस म्हणजे ‘शिन्रा बान्शो’: रानातल्या झाडांसारखी दाटीवाटीनं उभी असलेली दहा हजार रूपं. दहा हजार म्हणजे अगणित, आपल्या ‘सहस्र’सारखंच. यातून काहीच सुटत नाही. पण खरं सांगायचं तर डोळ्यांपुढं काही उभंही राहत नाही.

‘काचो फूगेत्सु’चं तसं नाही. फूल, पक्षी, वारा, चंद्र. निसर्गाची शोभा म्हणायची ती ही. पण हा सगळा निवडक माल! यात चिखल नाही, डास नाहीत. कवी आणि चित्रकारांनी पाखडून घेतलेला निसर्ग आहे हा.

मला जवळचा वाटतो ‘सान्सेन सोमोकु’. डोंगर, नद्या, गवत, झाडं. गवताला बुद्धत्व मिळतं का, यावर जपानी बौद्ध पंडितांनी शतकानुशतकं खल केला. गवत, झाडं आणि सारी भूमीही बुद्धत्वाला पोहोचते, असं सांगणारं वचन तिथल्या ‘नो’ या जुन्या परंपरेच्या नाटकांतही ऐकू येतं. आणि हाच शब्द १९०४मध्ये सेनापती नोगी मारेसुके यांच्या कवितेच्या सुरुवातीला आला. रशियाशी युद्ध चालू होतं. थोरला मुलगा नुकताच लढाईत पडला होता. त्या रणभूमीवर त्यांना डोंगर, नद्या, गवत, झाडं, सगळंच उजाड दिसलं. मुलाचं नाव कवितेत नाही.

आता एक जुनी गंमत सांगतो. जपानच्या हेइआन काळात (सुमारे आठवं ते बारावं शतक) मुलं ‘आमेत्सुची’ नावाची ओळ गिरवत. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी तिची रचना. आभाळ, जमीन, तारे, डोंगर, नदी, शिखर, दरी, ढग, धुकं, शेवाळ, मग माणूस आणि त्याला लागूनच कुत्रा! पुढं मात्र अक्षरं संपवायच्या घाईत अर्थ अडखळतो. तिच्यात अक्षरं ४८. नंतर रूढ झालेल्या ‘इरोहा’ या तशाच रचनेच्या कवितेत ४७. ‘ए’ आणि ‘ये’ हे उच्चार पूर्वी वेगळे होते, ते पुढं एक झाले. म्हणून ही ओळ ‘इरोहा’च्या आधीची, हे भाषेच्या अभ्यासकांना त्या एका जादा अक्षरावरून ओळखता आलं.