विशारद झाली, आता पुढे?

नमस्कार श्रोतेहो.

दर वर्षी निकाल लागला की कोणीतरी आई पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या कथकच्या वर्गावर येते. मुलगी सात परीक्षा देऊन विशारद झालेली असते. पेढा हातावर ठेवून होतो, मुलगी पाणी आणायला आत जाते, आणि मग आई खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात विचारते, "ताई, एवढं शिकली खरी. पण पुढे काय हो?"

गेली सव्वीस वर्षं मी नाशिकमध्ये कथक शिकवते. गेली काही वर्षं एका महाविद्यालयातल्या मुलामुलींनाही शिकवायला जाते. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आज त्याचं उत्तर तुम्हा सगळ्यांसमोरच द्यावं असं वाटलं.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमाच्या दोन आणि विशारदच्या दोन. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या सात परीक्षा म्हणजे मुलीचं निम्मं बालपण. ततकार म्हणजे पायांचं काम, तोडे आणि परण या बोलांच्या रचना, गतनिकास, अभिनय, ताललिपी हे सगळं त्यात येतं आणि ते यायलाच हवं. परीक्षेला मी कमी लेखत नाही, कारण त्या शिस्तीवरच आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. पण नाचावर पोट भरायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी जे लागतं, त्यातलं बरंचसं या सात परीक्षांत कोणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. माझी एक विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, विशारद पहिल्या श्रेणीत झाली. बाहेरगावच्या एका महोत्सवात तिला वीस मिनिटं मिळाली. घरी रियाज चालायचा मोबाइलवरच्या लेहऱ्यावर, म्हणजे ताल दाखवत फिरत राहणाऱ्या धुनेवर. लय आकड्यात ठरलेली, ती केसभरही हलायची नाही. महोत्सवात साथीला अनोळखी तबलजी होते आणि आयोजकांनी तालमीला वेळच ठेवला नव्हता. मी विंगेत उभी. सुरुवातीचा थाट झाला, आमद झाली, सगळं सुरेख. मग तबलजींनी रंगात येऊन लय थोडी चढवली, अगदी थोडी, कोणताही जिवंत वादक चढवतो तेवढीच. तिचा तोडा संपला तेव्हा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून गेली होती. तालाचे पुढचे दोन फेरे ती नुसती ततकार करत राहिली, नजर जमिनीवर. प्रेक्षकांना फारसं कळलंही नसेल. मला कळलं, आणि चूक कोणाची तेही कळलं. मी तिला बोल शिकवले होते, माणसाबरोबर नाचायला शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या वर्गात तबला येतो. त्याचं मानधन द्यायला पालक खळखळ करतील असं वाटलं होतं, पण एकदा समजावून सांगितल्यावर कोणीही नाही म्हणालं नाही. त्या दिवशी लय तबलजी ठरवतात आणि मुली पढंत स्वतः करतात, म्हणजे बोल तोंडानं म्हणतात, हातावर ताल धरून, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. जिला बोलता येतं, तिला नाचता येतं. आणि साथीदाराला "इथून उचला, इथे थांबा" हे त्याच्या भाषेत सांगताही येतं.

शिवाय प्रत्येकीनं महिन्याला एक तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, स्वतः बांधून आणायची. हिशेब अवघड नाही. तीनताल सोळा मात्रांचा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेतला की पंधरा, मध्ये दोनदा एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, झाले सतरा. समेपासून निघालात की शेवटचा 'धा' बरोबर पुढच्या समेवर. दहा मात्रांच्या झपतालात तोच खेळ तीन मात्रांच्या तुकड्यावर: नऊ आणि दोन, अकरा. सिडकोतली एक मुलगी पहिली तिहाई आणताना वहीत सोळा चौकोन आखून, प्रत्येकात बोल भरून घेऊन आली होती. वही उघडी ठेवून ती पढंत करत होती. शेवटचा 'धा' समेवर पडला आणि तबलजींनी मान डोलावली, तेव्हा तिचा चेहरा काय फुलला होता! सात प्रमाणपत्रांनी जे आलं नव्हतं, ते त्या क्षणी आलं. नाच आपलाही असतो, नुसता गुरूंनी दिलेला नसतो, हे तिला कळलं.

आता शरीराबद्दल बोलू. याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबून सांगते. आपले बहुतेक वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर गच्चीवरच्या खोलीत चालतात. खाली काँक्रीट, त्यावर टाइल्स. पायात शंभर-शंभर घुंगरू, आणि परीक्षा जवळ आली की रोज दोन-दोन तास ततकार. काँक्रीट काही शोषून घेत नाही, सगळा हादरा नडगीत आणि गुडघ्यात जातो. मुली सांगत नाहीत, कारण "पाय दुखतात म्हणजे रियाज झाला" असं आम्हीच त्यांना सांगत आलो. पालकांनी एवढं करावं. मुलगी नडगी दुखते म्हणाली तर हाडावरून अंगठा हलके दाबत खाली न्यावा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर विश्रांती, शेक-बर्फ आणि रियाज कमी. पण एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर ती कळवळली, तर नाच त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि तिच्यावर नाचत राहिलं तर पुढचे कित्येक महिने जातात. महाविद्यालयांना माझी हात जोडून विनंती आहे, नृत्याच्या खोलीत लाकडी जमीन करून द्या. आरसे नंतर आले तरी चालतील.

बरं, पुढे जाऊन करतात काय? खरं तेच सांगते. फक्त रंगमंचावरच्या कार्यक्रमांवर घर चालवणारे नर्तक फार थोडे. बहुतेक जणी शिकवतात: स्वतःचा वर्ग, शाळा, महाविद्यालय. कोणी नृत्यरचना करतात, कोणी प्रकाशयोजना आणि वेशभूषेकडे वळतात. आणि शिकवणं म्हणजे कमीपणा, असं आपल्याकडे जे बोललं जातं, ते मला मुळीच मान्य नाही.

इथे नाशिककरांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या पंचवटीत आश्रम करून राहिले. आज आपल्या मुली ज्या मंडळाच्या परीक्षा देतात, ते त्यांच्याच शिष्यांनी १९३१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर उभं केलं. पंडितजींनी गायक तर घडवलेच, पण विद्यालयात उपदेशक वर्गही चालवला, म्हणजे शिक्षक घडवण्याचा वर्ग. गाणाऱ्याला मानही मिळावा आणि पोटही भरावं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आम्ही मात्र विशारद झालेल्या मुलीच्या हाती सहा वर्षांची पंधरा मुलं देतो आणि "शिकव" म्हणतो. त्या वयाच्या मुलांना बसवायचं कसं, डावा-उजवा कळत नसलेल्याला 'ता थेई थेई तत्' कसं द्यायचं, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आमच्याकडे मध्यमा पूर्ण झालेली प्रत्येक मुलगी वर्षभर लहान मुलांच्या वर्गात माझ्या शेजारी उभी राहते.

ज्यांना पदवीच नृत्यात घ्यायची आहे, त्यांच्यासाठी पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, गुरुकुल पद्धतीनं चालणारं, १९८७ पासूनचं. पुढे महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत नृत्याचा विषय आहे. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची, महिना पाच हजार रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी अर्ज करायला हवा, चित्रफीत नीट काढायला हवी, आणि निवडीच्या दिवशी स्वतःबद्दल चार वाक्यं न अडखळता बोलता यायला हवीत. ही तयारीसुद्धा शिक्षणच आहे.

आणि पैसे. कार्यक्रम ठरला की मानधन किती, साथीदारांचे वेगळे की त्यातच, प्रवासखर्च कोणाचा, तालमीला रंगमंच कधी मिळणार, हे सगळं कागदावर, निदान मेसेजवर तरी घ्या. शाल-श्रीफळ आदरानं स्वीकारावं, पण तबलजींचे पैसे शालीतून देता येत नाहीत. मुलींना हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून मी वर्गातच त्यांच्याकडून फोन करून घेते. मी आयोजक होते, त्या कलाकार. पहिल्यांदा सगळ्या हसतात, तिसऱ्यांदा आवाज स्थिर होतो.

ती समेवरून सुटलेली विद्यार्थिनी आता नाशिकरोडला स्वतःचा वर्ग घेते. तिच्याकडे वीस-बावीस मुलं आहेत. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, "ताई, शनिवारचे तबलजी मला रविवारी मिळतील का? मुलांना मोबाइलची सवय लागायला नको." मी नंबर दिला. आता रविवारी सकाळी ते आपली तबल्याची जोडी स्कूटरला बांधून नाशिकरोडला जातात.

नमस्कार.