हेवी रेन म्हणजे नेमकं किती पाणी?

मंडळी, आज फक्त हेवी या एका शब्दावर बोलतो. मोबाईलवर वेधशाळेचा मेसेज येते, हेवी रेन ॲट आयसोलेटेड प्लेसेस, गावच्या ग्रुपवर कोणीतरी त्याचं "उद्या मुसळधार" करून टाकते, कास्तकार फवारणी थांबवते आणि दिवसभर वावरात थेंब नाही. मग शिव्या वेधशाळेला. भाऊ, मेसेज पूर्ण वाचा, त्यातल्या शब्दामागं आकडा आहे.

हेवी म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. त्याच्यावर 204.4 पर्यंत व्हेरी हेवी, त्याच्याही वर एक्स्ट्रीमली हेवी. आणि 15.6 पासून 64.4 पर्यंत सगळा मॉडरेट, म्हणजे ज्या 60 मिलिमीटरच्या पाण्यानं आपला नाला भरून वाहते तो त्यांच्या हिशेबात मध्यमच! मिलिमीटर डोळ्यासमोर येत नाही म्हणून सांगतो, एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एकरात चार हजाराच्या वर चौरस मीटर, तर 65 मिलिमीटर पडला की एका एकरावर 2 लाख 60 हजार लिटर. आपल्या काळ्या जमिनीत ते लवकर जिरत नाही, धुऱ्याजवळ साचून राहते आणि तूर पिवळी पडते.

आता आयसोलेटेड, म्हणजे तुरळक ठिकाणी. अंदाज तुमच्या वावराचा नसते, मोठ्या भागाचा असते. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पडेल, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्यांना कोरडं गेलं तरी अंदाज खरा ठरते. स्कॅटर्ड असेल तर 26 ते 50 टक्के.

पेरणीच्या वेळी हे फार महाग पडते बाप्पा. कृषी विभाग दरवर्षी सांगते का 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि आपण जूनच्या एका हेवीच्या मेसेजवर सोयाबीनच्या बॅगा फोडतो, मग पंधरा दिवस उघाड, दुबार पेरणी, बियाण्याचं कर्ज. मला हे पाहून खरंच तळमळ होते, कारण पडलेलं पाणी मोजणं काही अवघड नाही. सरकारी मदतीसाठी अतिवृष्टी धरतात ती 65 मिलिमीटरच्या वर, आणि ते मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर, ते केंद्र तुमच्या शिवारापासून कितीही लांब असो.

म्हणून गावात पर्जन्यमापक पाहिजेच. तोपर्यंत बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा सपाट बुडाचा डबा घ्या, छप्पर न् झाडापासून दूर मोकळ्यात पक्का ठेवा, रोज सकाळी साडेआठला, वेधशाळाही तेव्हाच मोजते, पट्टी उभी धरून पाण्याची उंची बघा, वहीत लिहा आणि पाणी फेकून डबा परत ठेवा. पट्टीवर 20 मिलिमीटर दिसलं तर 20 मिलिमीटर पाऊस झाला, दुसरा काही हिशेब नाही. शाळेतली पोरं हे आनंदानं करतील, तारखेसकट आकडा फळ्यावर लिहायला सांगा.