पांढरी, काळी आणि आयर्लंडमधला एक चर

मंडळी, आपल्याकडे गावच्या जमिनीला दोन नावं आहेत. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, राख, शेण, पडक्या भिंतींची माती त्यात मिसळत गेली की जमिनीचा रंगच बदलतो. म्हणून जुनी वस्ती शोधणारा आपल्याकडे आधी पांढरीची टेकाडं बघतो. आयर्लंडमध्ये हाच शोध उलट्या रंगाने चालतो. हिरवळीखालची फूटभर माती सरकवली की खाली पिवळट चिकणमाती लागते. तिच्यावर काळा डाग दिसला, तर तिथे कधीतरी कोणीतरी खांब रोवला असेल किंवा जाळ केला असेल.

हे डाग मोठ्या संख्येने दिसू लागले ते पाइपलाइनमुळे. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किन्सेलजवळच्या समुद्रातला नैसर्गिक वायू १९७८ मध्ये किनाऱ्यावर आला, पुढे तो नळाने कॉर्कहून डब्लिनला गेला, आणि २००२ च्या सुमारास डब्लिनपासून गॉलवे, लिमरिकपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर लांबीचा नळ घातला गेला. मध्ये सगळी शेतं, कुरणं, दलदली.

कामाची पद्धत साधी आहे. वरची माती काढणाऱ्या यंत्राला दातेरी नाही, सपाट धारेची बकेट लावतात. यंत्राशेजारी परवाना असलेला पुरातत्त्वज्ञ दिवसभर उभा असतो. त्याने हात वर केला की यंत्र थांबतं. मग थापी घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि डाग साफ करायचा. माती वाळली की रंग पुसट होतात, पाऊस पडून गेला की पुन्हा उठून दिसतात. तिथे पावसाची वानवा नाही, तेवढं बरं.

माहीत असलेल्या पुराणवस्तूंना शक्यतो वळसा घालूनच नळाची वाट आखतात. त्यामुळे वाटेत जे निघतं, त्यातलं बरंचसं कोणाच्याच नोंदीत नसलेलं असतं. विद्यापीठं न्यूग्रेंजसारख्या भव्य थडग्यांकडे जातात, ते योग्यच आहे. पण साध्या माणसाच्या शेतातून सरळ रेषेत चर खणायला नळाशिवाय दुसरं कोण जाणार?

या चरांत वारंवार भेटतो तो ‘फुलख्त फिया’, म्हणजे तडकलेल्या, जळक्या दगडांचा ढीग आणि शेजारी पाण्याचं कुंड. बहुतेक ढीग कांस्ययुगातले. दगड तापवून कुंडात टाकायचे आणि पाणी उकळायचं. कॉर्कचे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी १९५० च्या दशकात बॅलिव्हॉर्नी इथे हे प्रत्यक्ष करून पाहिलं. साडेचारशे लिटर पाणी अर्ध्या तासाच्या आसपास उकळलं, आणि गवतात गुंडाळलेली साडेचार किलोची मेंढीची तंगडी तीन तास चाळीस मिनिटांत शिजली. स्वयंपाक, आंघोळ की कातडी कमावणं, यावर अजून वाद आहेत. मला वाटतं, एका कुंडाला एकच काम नेमून देण्याचा हट्टच चुकीचा आहे.

पण मला सांगायचं आहे ते हर्मिटेजबद्दल. लिमरिक काउंटीत कॅसलकॉनेलजवळ शॅनन नदीच्या काठावर पाइपलाइनच्या कामात २००१ मध्ये हे ठिकाण सापडलं. एका छोट्या खड्ड्यात जळलेली मानवी हाडं होती, काळ इ.स.पू. ७५०० च्या आसपास. आयर्लंडमधल्या सर्वांत जुन्या दफनांपैकी हे एक. शेती अजून हजारो वर्षं दूर होती, ही माणसं शिकार आणि मासेमारीवर जगणारी. आपल्याकडे अग्नी दिल्यावर सावडायला जातात, तसंच त्यांनी केलं होतं. चिता विझल्यावर हाडं इतक्या काळजीने वेचली होती की जवळजवळ सगळं शरीर त्या खड्ड्यात आलं होतं. मध्ये एक लाकडी खांब उभा केला होता, जागेची खूण म्हणून. आणि खांबाला लागून एक दगडी कुऱ्हाड, सुमारे १९ सेंटिमीटर लांब, घासून गुळगुळीत केलेली. तिचं पातं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तेव्हा दिसलं की ती फारशी वापरलेलीच नव्हती आणि तिची धार मुद्दाम बोथट केली होती. माणसाबरोबर त्याचं हत्यारही निवृत्त केलं, असं मी समजतो. त्या खड्ड्याचं चित्र मी कितीदा पाहिलं असेल, दर वेळी ती बोथट धार पाहून थांबतो.

चराच्या मर्यादाही आहेत. पट्टा संपला की शोध थांबतो, बाकीचं गवताखाली राहतं. लिमरिकमध्येच टँकर्डस्टाउनला १९८६ मध्ये वायूच्या नळाच्या वाटेवर नवाश्मयुगातलं, म्हणजे पहिल्या शेतकऱ्यांच्या काळातलं, आयताकृती घर निघालं. ओकच्या फळ्यांच्या भिंती, जळून गेलेल्या. त्या जाळामुळेच गव्हाचे दाणे कोळसा होऊन टिकले. नळ पुढे गेला. पुरातत्त्वज्ञ मात्र १९८८ मध्ये त्याच शेतात परत आले, आणि पहिल्या घराशेजारीच त्यांना दुसरं घर सापडलं.