गुरूंच्या शेजारी बसून गायलेली रात्र

नमस्कार मंडळी! आज तिघांबद्दल बोलायचंय. टाउन्स व्हॅन झांट, गाय क्लार्क आणि स्टीव्ह अर्ल. पहिले दोघं टेक्ससचे, तिसरा तिथेच सॅन अँटोनियोजवळ वाढलेला, तिघंही स्वतः गाणी लिहून स्वतः गाणारे, अमेरिकेतलं गावाकडचं कंट्री संगीत म्हणा, लोकगीतांच्या वळणाचं फोक म्हणा, दोन्हीकडचे लोक त्यांना आपलंच मानतात. १३ सप्टेंबर १९९५ ला हे तिघं नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेत कंट्रीचं माहेरघर असलेल्या शहरातल्या, ब्लूबर्ड कॅफेत एकत्र गायले, गरिबांसाठी चालणाऱ्या एका दातांच्या दवाखान्याला मदत म्हणून.

हा ब्लूबर्ड कॅफे १९८२ साली सुरू झाला. दुकानांच्या रांगेतलं एक छोटंसं ठिकाण, जेमतेम नव्वद माणसं मावतात. १९८५ पासून तिथे एक पद्धत पडली, स्टेजवर न जाता खोलीच्या मधोमध तीन-चार जणांनी समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचं, लोक आजूबाजूला, आणि पाळीपाळीने एकेक गाणं म्हणायचं. मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? एक जण गातो तेव्हा बाकीच्यांना बसून ऐकावंच लागतं, अगदी हातभरावरून, आणि मग त्या गाण्यानंतर आपलं गाणं म्हणायची हिंमत करायची. आपल्याकडे मैफलीत गुरूचं नाव निघालं की कानाला हात लावतात ना, तसाच आदर इथे नुसत्या ऐकण्यात दिसतो.

आणि हे तिघं काही त्या रात्रीपुरते एकत्र आलेले नव्हते. क्लार्क आणि टाउन्स ह्यूस्टनच्या फोक क्लबांमध्ये घडले, तिथेच लाइटनिन हॉपकिन्स हा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची सुखदुःखाची गाणी, गाणारा म्हातारा त्यांनी समोर बसून ऐकला, आणि टाउन्सची बोटं गिटारवर जशी चालतात ना त्यात हॉपकिन्स शेवटपर्यंत ऐकू येतो. स्टीव्ह त्या दोघांपेक्षा अकरा-तेरा वर्षांनी लहान. तो पोरसवदा असताना ह्यूस्टनच्या ओल्ड क्वार्टर नावाच्या क्लबमध्ये गात होता आणि पहिल्याच रांगेत बसलेला टाउन्स सारखा ओरडून एका जुन्या रेल्वेच्या गाण्याची फर्माईश करत होता, ते येत नाही म्हटल्यावर म्हणे स्वतःला फोकसिंगर म्हणवतोस आणि हे येत नाही? मग स्टीव्हने टाउन्सचंच एक गाणं काढलं, शब्दांनी गच्च भरलेलं, म्हणायला महाकठीण, आणि टाउन्स गप्प झाला. हा किस्सा स्टीव्ह स्वतः सांगत आलाय.

पुढे स्टीव्ह नॅशव्हिलला गेला, क्लार्कच्या बँडमध्ये बेस वाजवला, १९७५ च्या क्लार्कच्या पहिल्या आल्बममध्ये मागून आवाजही दिला. क्लार्क आणि त्याची बायको सुझॅना, तीही गाणी लिहायची आणि चित्रं काढायची, यांच्या घरी गाणी लिहिणाऱ्या पोरांचा राबता असायचा. क्लार्क स्वतःच्या हाताने गिटारी बनवायचा, आणि खरं सांगते, त्याची गाणीही तशीच आहेत, एक शब्द जास्तीचा सापडणार नाही.

ब्लूबर्डच्या त्या रात्री क्लार्कने वडिलांच्या सुरीचं गाणं म्हटलं. लहानपणी त्याने ती सुरी मागून नेली आणि झाडात रोवताना तिचं टोक मोडलं, वडिलांनी एका शब्दाने बोल न लावता ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली, आणि वडील गेल्यावर त्याला दुसरं काही नको होतं, फक्त ती सुरी. गाणं जवळजवळ बोलल्यासारखंच आहे, चाल अशी फारशी नाहीच, तरी दर वेळी माझा घसा दाटून येतो. टाउन्सने ‘पँचो अँड लेफ्टी’ म्हटलं. हे गाणं १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड या कंट्रीच्या दोन बड्या गायकांनी कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत एक नंबरला नेलं होतं, पण लिहिणाऱ्याच्या थकलेल्या आवाजात ते ऐकलं की कळतं यात किती एकटेपणा आहे. आणि स्टीव्ह, जो आदल्याच वर्षी व्यसन आणि तुरुंगातून बाहेर पडला होता, तो आपल्या दोन्ही गुरूंसोबत बसून गात होता.

१ जानेवारी १९९७ ला टाउन्स गेला, ५२ वर्षांचा. तारीख तीच, ज्या तारखेला १९५३ साली कंट्रीचा थोर गायक हँक विल्यम्स गेला होता. क्लार्क २०१६ मध्ये गेला. स्टीव्हने २००९ मध्ये टाउन्सच्या गाण्यांचा अख्खा आल्बम केला, त्याला ग्रॅमी मिळालं, २०१९ मध्ये क्लार्कच्या गाण्यांचा केला. टाउन्सचं नाव त्याने आपल्या मुलालाही दिलं होतं, जस्टिन टाउन्स अर्ल. तोही गाणी लिहायचा, फार सुंदर लिहायचा. २०२० मध्ये तो गेला आणि पुढच्या जानेवारीत, त्याच्या वाढदिवसाला, बापाने मुलाच्या गाण्यांचा आल्बम काढला, त्याचे पैसे नातीसाठी ठेवले. गुरूंची गाणी गाणाऱ्या माणसावर मुलाची गाणी गायची वेळ आली, मला तर हे बोलतानाही जड जातंय.

ब्लूबर्डच्या त्या रात्रीचं रेकॉर्डिंग २००१ मध्ये बाहेर आलं. त्यातलं क्लार्कचं ते सुरीचं गाणं आता लावतेय, इंग्रजी पटकन नाही कळलं तरी राहू द्या, आवाजाकडे लक्ष द्या. ऐका.