बेचाळीस घावणे आणि मे महिन्याची सुट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी संपत आला की आमच्या डोंबिवलीच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर एक विषय हमखास निघतो, आणि तो निघाला की आमची मुलगी आपले ताट उचलून मुकाट्याने आत निघून जाते. मे महिन्यात कुठे जायचे, हा तो विषय. मी मालवण तालुक्यातला, त्यामुळे माझे उत्तर वर्षानुवर्षे एकच, गावी जायचे. पत्नी वाईची. तिचे म्हणणे असे की गणपतीला आपण गावी जातोच, तेव्हा मे महिन्यात एकदा तरी हिमाचलात जाऊ, मनालीच्या पुढे जाऊन बर्फ पाहू.

मेचा विषय फेब्रुवारीत का, असे कोणी विचारील. त्याचे कारण रेल्वे. पूर्वी आगाऊ आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १० मे रोजी ठाण्याहून कोकणकन्येने कुडाळला निघायचे असेल, तर ११ मार्चला सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसावे लागते, आणि चहाचा कप संपेपर्यंत प्रतीक्षायादी सुरू झालेली असते. ज्या घरात १० मार्चच्या रात्रीपर्यंत एकमत झालेले नसते, त्या घरातला निर्णय नवरा किंवा बायको घेत नाही. तो प्रतीक्षायादी घेते. आमच्याकडे हे दोनदा घडले आहे.

आमचे भांडण ठिकाणावरून आहे, असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. कोकण विरुद्ध हिमालय, समुद्र विरुद्ध बर्फ, आणि थोडेसे माझी आई विरुद्ध तिची हौस, अशी त्याची मांडणी माझ्या मनात पक्की होती. ती चुकीची आहे हे मला गावच्या घरातच कळले, आणि तेही अगदी साध्या हिशेबाने.

त्या मे महिन्यात घरात आम्ही चौदा माणसे होतो. सकाळी न्याहारीला घावणे. माणशी तीन धरले तरी बेचाळीस. घावणे बिडाच्या तव्यावर एका वेळी एकच होते. पीठ पसरायचे, झाकण ठेवायचे, कड सुटली की उलथायचे, यात दोन मिनिटे सहज जातात. म्हणजे चुलीसमोर चौऱ्याऐंशी मिनिटे, आणि तीही मे महिन्याच्या उकाड्यात. मी पडवीत बसून चौथा घावणा मागवला, तेव्हा हा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता. तो दुपारी चार वाजता आला. मागल्या दारी पायरीवर पत्नी हाताला खोबरेल चोळून फणस सोलत बसली होती. चीक कोपरापर्यंत आला होता, शेजारच्या टोपलीत गरे आणि आठळा वेगवेगळ्या पडत होत्या. मी सहज म्हणालो, “काय मजा आहे ना गावाला!” तिने मान वर न करता विचारले, “तुम्ही आज किती वाजता उठलात?” मी साडेआठला उठलो होतो. ती साडेपाचला.

तेव्हा माझ्या लक्षात आले की मला जी सुट्टी हवी होती, ती मी गेली बारा वर्षे घेत होतो आणि तिला ती एकदाही मिळालेली नव्हती. तिला बर्फाचे फार वेड आहे असे नाही. ती ज्याला हिमाचल म्हणत होती, त्याचा अर्थ इतकाच होता की जिथे सकाळी उठल्यावर किती माणसांचा चहा टाकायचा, हे तिला मोजावे लागणार नाही. आणि मी ज्याला गाव म्हणत होतो, त्याचा अर्थ, पंच्याहत्तरी ओलांडलेली आई मे महिन्यात एकटी राहू नये. हे दोन्ही हट्ट एकमेकांच्या आड येतच नव्हते. आम्हीच त्यांना कुडाळ आणि मनाली अशी नावे देऊन झुंजवत होतो.

अर्थात हे उमगल्याबरोबर आम्ही शहाणे झालो, असे नाही. पुढच्या वर्षी आम्ही शहाणी माणसे सुचवतात तो मधला मार्ग काढला. तुझे नको आणि माझेही नको, म्हणून महाबळेश्वर. आता ज्या बाईचे माहेर वाई, तिला पसरणीचा घाट चढवून महाबळेश्वर दाखवणे म्हणजे तिला तिच्याच परसात सहलीला नेण्यासारखे आहे, हे मला घाटात गाड्यांच्या रांगेत उभे राहिल्यावर सुचले. साडेचार हजार फुटांवरची हवा गार होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेण्णा तलावावर नौकेसाठी रांग, जेवणासाठी रांग, सूर्यास्त पाहायला रांग, आणि तीन दिवस आम्ही दोघेही एकमेकांसाठी केलेल्या त्यागाची आठवण एकमेकांना करून देत होतो. माझे मत आता असे बनले आहे की भाजीच्या भावात मध्य काढावा, सुट्टीत काढू नये. एकाची सुट्टी पुरती झाली तर निदान एक माणूस आनंदी असतो आणि दुसऱ्याला पुढच्या वर्षीचा हक्क मिळतो. मध्यावर दोघेही उपाशी राहतात.

दुसरी एक चूक आम्ही करून पाहिली, ती म्हणजे मुलीला पंच नेमणे. तिने कोणाचीही बाजू घेतली तरी दुसऱ्याचा चेहरा उतरणार, हे त्या पोरीला आमच्या आधी कळले होते. ताट उचलून आत जाणे हाच तिचा निकाल होता.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पत्नी केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरी करते, त्यामुळे तिला रजा प्रवास सवलत आहे. चार वर्षांचा एक गट धरतात, २०२२ ते २०२५ हा असाच एक गट होता, आणि त्या गटात एकदा मूळ गावी व एकदा भारतात कुठेही जाता येते. हवे तर दोन्ही वेळा मूळ गावीच. नवरा-बायकोचे हे भांडण सरकारने फार पूर्वीच ओळखलेले असावे. आम्ही मात्र ती सवलत कित्येक वर्षे दोन्ही वेळा गावासाठीच वापरली, आणि सवलत तिची असून ठिकाण माझे, हे तिने कधी बोलून दाखवले नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

शेवटी मागच्या फेब्रुवारीत आम्ही ठिकाणाचे नावच काढायचे नाही असे ठरवले. जुन्या दिनदर्शिकेचे पान फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांनी आपापल्या तीन गोष्टी लिहिल्या, पण काय हवे ते नव्हे, तर या सुट्टीत काय नको ते. माझ्या तिन्ही गोष्टी आईभोवती फिरत होत्या. तिने लिहिले होते: सकाळी चहा कोणाकोणाला हवा हे मला विचारू नये, ‘सहाला उठा, सातला न्याहारी, आठला गाडीत’ असल्या सहलीला मला नेऊ नये, आणि परत आल्यावर चार बॅगांचे धुणे मी एकटी करणार नाही. तिसरी ओळ वाचून मी गप्प बसलो, कारण सुट्टी घरी परतल्यावरही संपत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

या पानावरून बाकीचे जुळवायला तासभरही लागला नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी आणि मुलगी, दोघेच गावी जाणार. त्या दिवसांत पत्नी रजा न घेता घरी एकटी राहणार, ज्याला ती स्वतः अर्धी सुट्टी म्हणते. नवऱ्याने बायकोला सोडून गावी गेलेले वाडीत चार जणांना खटकेल, पण चार जण घावणे करायला येत नाहीत. नंतर तिघांनी मिळून तिच्या सवलतीवर मनाली, तिथे एकाच ठिकाणी पाच रात्री, आणि एक दिवस २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये. ‘अकरा स्थळे सात दिवसांत’ अशी यादी आम्ही कोणाकडूनही घेतली नाही.

राहिली आई. तिला हे सांगायचे कोणी आणि कसे, यावर आम्ही दोन दिवस घालवले. अखेर मीच फोन केला आणि बरीच प्रस्तावना करून म्हणालो की या खेपेला सून येणार नाही, चुलत घरची मंडळीही जूनमध्ये येतील, आम्ही दोघेच येतो आहोत, तुला वाईट तर वाटणार नाही ना. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आई म्हणाली, “येवा तुम्ही. पण सगळी एकदम येव नकात रे. चौदा माणसांचा करताना माझी पण कंबर मोडता.”

इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलेच नव्हते.

नमस्कार.